व्हॅन गॉगच्या शेतात सूर्य नाही, मग ऊन कुठून येतं?

व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं ‘कावळे आणि गव्हाचं शेत’ हे चित्र मोबाइलवर उघडा आणि त्यात सूर्य शोधा. सापडणार नाही. आभाळ गर्द निळं आहे, मध्येमध्ये काळपट फटकारे आहेत, आणि दोन फिकट भोवरे आहेत. त्यांना ढग म्हणायचं की आणखी काही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. आता सावली शोधा. तीही नाही. एवढं पिकलेलं, अंगावर आल्यासारखं शेत, पण एकाही ओंबीची सावली जमिनीवर पडलेली नाही. आणि तरी ते शेत आतून दिवा लावल्यासारखं पिवळंधमक उजळलंय.

यात विचित्र काय, असं वाटेल. विचित्र असं, की उघड्यावर सगळ्यात उजळ असतं ते आभाळ. ढगाळ दिवशीसुद्धा. शेताचा फोटो काढताना आभाळ पांढरं फटक आणि जमीन काळवंडलेली येते, ती याच कारणानं. या चित्रात सगळं उलटं आहे. आभाळ काळवंडलंय आणि उजेड जमिनीत आहे.

असं खऱ्या आयुष्यात कधीच होत नाही असंही नाही. वळवाचा पाऊस यायच्या आधी समोर काळाकभिन्न ढग चढलेला असतो आणि आपल्या पाठीमागून, क्षितिजाजवळून, तिरपं ऊन येत असतं. त्या पाच-दहा मिनिटांत समोरचं झाड, भिंत, गवत आभाळापेक्षा उजळ दिसतं, आणि माणसं कारण नसताना दारात येऊन उभी राहतात. पण तेव्हा सावल्या लांबलचक पडतात. व्हॅन गॉगनं त्या उजेडाची उलटापालट तेवढी घेतली आणि सावल्या टाकून दिल्या. म्हणजे परिणाम ठेवला, कारण पुसलं. हे चित्र पाहताना जी अस्वस्थता येते, तिचा मोठा वाटा मला इथे दिसतो. डोळ्याला उजेड दिसतो, पण तो कुठून येतोय ते सांगता येत नाही.

चित्र जुलै 1890 मधलं. गाव पॅरिसच्या उत्तरेचं, ओव्हेर-सुर-वाझ. व्हॅन गॉग तिथे 20 मे रोजी आला आणि 29 जुलैला तिथेच वारला. या सत्तर दिवसांत त्यानं सत्तरच्या आसपास चित्रं केली. हे कापड आडवं, 50.5 बाय 103 सेंटीमीटर, म्हणजे उंचीच्या जवळजवळ दुप्पट रुंद. त्या उन्हाळ्यात त्यानं अशी दुप्पट रुंदीची डझनभर चित्रं केली. एकाच वेळी सगळं डोळ्यात मावत नाही, नजर डावीउजवीकडे फिरवावी लागते, आणि आपण शेताच्या बांधावर उभे आहोत असं वाटायला लागतं. (आपल्याकडे जुलै म्हणजे पेरण्या आणि चिखल. तिकडे तो गव्हाच्या कापणीचा महिना. त्यामुळे पिकलेला गहू आणि वरती पावसाळी ढग हे दोन्ही एकत्र आहे, यात त्यानं काही बनवलेलं नाही.)

व्हॅन गॉग, सेझान, गोगँ, सरा या चित्रकार मंडळींना ‘उत्तर-दृक्प्रत्ययवादी’ (पोस्ट-इम्प्रेशनिस्ट) म्हणतात. हे जड नाव त्यांनी स्वतःला दिलेलं नाही. 1910 मध्ये लंडनच्या एका प्रदर्शनासाठी रॉजर फ्राय या समीक्षकानं ते शोधलं, आणि तोवर हे चौघेही वारले होते. नावाचा अर्थ एवढाच, की मोने वगैरे दृक्प्रत्ययवाद्यांच्या, म्हणजे इम्प्रेशनिस्टांच्या, नंतरचे. पण त्या ‘नंतर’मध्ये नेमकं काय बदललं, ते उजेडाच्या बाबतीत फार स्पष्ट दिसतं.

मोनेला उजेड पकडायचा होता. त्याच गव्हाच्या गंज्या त्यानं सकाळी, संध्याकाळी, बर्फात, धुक्यात पुन्हा पुन्हा रंगवल्या, कारण गंजी तीच असली तरी तिच्यावरचा उजेड दर तासाला वेगळा होता. त्याच्या ‘सूर्योदय’ (इम्प्रेशन, सनराइज) या 1872 च्या गाजलेल्या चित्राची एक गंमत करून पाहा. मोबाइलवर ते चित्र उघडून कृष्णधवल करा. त्यातला केशरी सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! कारण मोनेनं सूर्य आणि भोवतालचं धुकं यांचा रंग वेगळा ठेवला, पण उजळपणा जवळपास सारखा. आपल्या मेंदूत रंग ओळखण्याचं काम आणि उजळ-गडद ओळखून वस्तू कुठे आहे ते ठरवण्याचं काम काहीसं वेगवेगळं चालतं. एकाला सूर्य ठळक दिसतो, दुसऱ्याला तो सापडतच नाही. म्हणून तो सूर्य थरथरल्यासारखा वाटतो.

आता व्हॅन गॉगचं शेत कृष्णधवल करा. शेत उजळच राहतं, आभाळ गडदच राहतं. सगळ्या शुद्ध रंगांत पिवळा सगळ्यात उजळ आणि निळा-जांभळा सगळ्यात गडद. त्यामुळे इथे रंगाचं भांडण आणि उजळपणाचं भांडण एकाच रेषेवर, क्षितिजावर, येऊन भिडतं. थरथर वगैरे नाही, सरळ टक्कर. मोनेला बाहेरून आलेल्या उजेडाचा हिशोब ठेवायचा होता. व्हॅन गॉग उजेड चित्रातच तयार करतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे एकच साधन आहे, एका रंगाशेजारी दुसरा रंग.

हा ‘शेजार’ नीट समजून घेतला की निम्मं काम झालं.

साडीच्या दुकानात ब्लाउजपीस जुळवताना पाहिलंय का? मी लहानपणी मावशीबरोबर जायचो आणि कंटाळायचो. मावशी तोच पीस एका साडीवर ठेवायची, मग उचलून दुसऱ्या साडीवर ठेवायची, आणि दुकानदाराला ऐकवायची, “अहो, हा मघाचा नव्हे.” तो मघाचाच असायचा. लाल साडीवर ठेवला की तो हिरवट दिसायचा, हिरव्यावर ठेवला की तांबूस. मावशीला मी तेव्हा हट्टी समजत होतो. तिला जे दिसत होतं ते खरंच दिसत होतं.

पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा गालिचे आणि पडदे विणण्याचा सरकारी कारखाना होता. तिथल्या रंगविभागाचा प्रमुख मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ. त्याच्याकडे तक्रार आली, की काळा धागा हवा तसा काळा दिसत नाही, रंगात खोट आहे. त्यानं धागे तपासले. रंगात काही खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी निळे-जांभळे धागे विणले की तो काळा फिका पडायचा. खोट शेजाऱ्यांत होती. यावर त्यानं वर्षानुवर्षं काम करून 1839 मध्ये मोठा ग्रंथ छापला. सार असं, की दोन रंग शेजारी आले की प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्या विरुद्ध टोकाकडे ढकलतो. आणि ते दोघे आधीच विरुद्ध टोकांचे असतील, म्हणजे निळा-केशरी, लाल-हिरवा, पिवळा-जांभळा, तर दोघेही जास्तच भडक होतात.

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिलेल्यांना रंगचक्र आठवत असेल. समोरासमोरचे ते पूरक रंग. मात्र तिथे ते पाठ करायचं प्रकरण होतं, आणि ते डोळ्यातच घडतं हे कुणी सांगितल्याचं मला तरी आठवत नाही. झेंडूच्या केशरी फुलाकडे अर्धा मिनिट टक लावून पाहा, मग पांढऱ्या भिंतीकडे बघा. भिंतीवर निळसर डाग दिसेल. केशरी पाहून पाहून डोळ्याची ती बाजू थकते आणि तिच्या समोरची बाजू वर येते. केशरीलगत निळा आधीच मांडून ठेवला, तर डोळ्याला जे हवंच होतं ते आयतं मिळतं.

व्हॅन गॉग हे अंदाजपंचे करत नव्हता. त्यानं देलाक्रवा या आधीच्या पिढीतल्या फ्रेंच चित्रकाराच्या रंगांबद्दल आणि या पूरक रंगांच्या नियमांबद्दल वाचलं होतं, आणि त्यावर तो थिओला, म्हणजे धाकट्या भावाला, पानंच्या पानं लिहायचा. त्याची एक लाल पेटी आजही ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. तिच्यात लोकरीच्या लहान लहान गुंड्या आहेत, कित्येक गुंड्या दोन-तीन रंगांचे धागे एकत्र गुंडाळून केलेल्या. कोणता रंग कोणाशेजारी काय करतो, हे तो ब्रश हातात घेण्याआधी लोकरीवर तपासून पाहत असे. मला ही पेटी त्यानं स्वतःचा कान कापल्याच्या गोष्टीपेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते, पण कानाची गोष्ट जास्त खपते.

आता चित्राकडे परत या, आणि अंगठ्याएवढा एकच तुकडा पाहा. मधली पायवाट. ती तांबूस आहे, आणि तिच्या कडेला गवताचे हिरवे पट्टे आहेत. लाल-हिरवा हे दुसरं पूरक जोडपं. वर निळं आणि पिवळं-केशरी, खाली लाल आणि हिरवं. एवढ्याशा चित्रात दोन भांडणं एकाच वेळी लावून दिलीत. हिरव्या पट्ट्यांवर बोट ठेवून झाका, पायवाट लगेच मातकट होते. बोट काढा, ती पुन्हा लालसर होऊन उठते.

आणि ही पायवाट जाते कुठे? शेतात शिरते, वळते आणि संपते. डावीउजवीकडे आणखी दोन वाटा आहेत, त्या चित्राच्या बाहेर निघून जातात. निसर्गचित्रात वाट म्हणजे साधारणपणे पाहणाऱ्याला हात धरून आत नेणारी गोष्ट. इथे ती आत नेते आणि मध्येच हात सोडून देते.

भावनेचा प्रश्न इथे येतो, आणि इथेच बहुतेक लेख घसरतात. निळा म्हणजे उदास, पिवळा म्हणजे आनंद, काळा म्हणजे मृत्यू, अशी एक डिक्शनरी कुठूनतरी काढली जाते आणि चित्रावर चिकटवली जाते. व्हॅन गॉगच्याच चित्रांवर ती टिकत नाही. दक्षिण फ्रान्समधल्या आर्लमध्ये 1888 च्या ऑगस्टमध्ये त्यानं सूर्यफुलांची चित्रं केली, त्यातलं एक तर पिवळ्यावर पिवळं, आणि ती मित्राच्या, गोगँच्या, स्वागताची होती. पुढच्याच महिन्यात रात्रभर उघड्या असणाऱ्या एका कॅफेचं चित्र केलं. त्यातही पिवळे दिवे आहेत, पिवळी जमीन आहे. पण भिंती रक्तासारख्या लाल आणि छत हिरवं. थिओला त्यानं लिहिलं, की लाल आणि हिरव्यातून मला माणसाच्या भयंकर विकारांबद्दल सांगायचं होतं. पिवळा तोच, शेजार बदलला, आणि स्वागताच्या जागी गुदमरणं आलं. याच काळात तो थिओला असंही सांगतो, की डोळ्यांपुढे आहे ते तंतोतंत उतरवण्यापेक्षा मी रंग जरा मनमानीनं वापरतो, म्हणजे म्हणणं जोरकस होतं.

ओव्हेरमध्ये याचा जवळजवळ प्रयोगशाळेतल्यासारखा पुरावा आहे. त्याच जुलैत, तशाच लांबट कापडावर, त्याच परिसरातलं त्यानं आणखी एक चित्र केलं. ‘वादळी ढगांखालचं गव्हाचं शेत’. कावळे नाहीत, वाट नाही. खाली शेताचा पट्टा, वर आभाळाचा पट्टा, बस्स. पण इथे शेत हिरवं आहे, पिवळटपणाकडे झुकलेलं हिरवं, आणि आभाळ निळं. रंगचक्रावर हिरवा आणि निळा शेजारी शेजारी बसतात, त्यांचं आपसात जमतं. आभाळ गडद असूनही चित्र शांत वाटतं. एकटं वाटतं, पण भेडसावत नाही. दोन्ही चित्रं मोबाइलवर वरखाली ठेवून पाहा. विषय तोच, हंगाम तोच, हात तोच. बदललाय तो मुख्यतः रंगांचा शेजार. शिवाय फटकारे. ढगांच्या चित्रात ते बरेचसे आडवे, निवांत. कावळ्यांच्या चित्रात गव्हाची प्रत्येक काडी वेगळ्या दिशेला ओढलेली, जणू वारा एकाच वेळी चार बाजूंनी सुटलाय.

या दिवसांत, 10 जुलैच्या सुमाराला, त्यानं थिओ आणि त्याची बायको यो यांना पत्र लिहिलं. अशांत आभाळाखाली पसरलेली गव्हाची अफाट शेतं रंगवली आहेत, आणि दुःख, टोकाचा एकटेपणा त्यातून मांडायचा मी मुद्दाम प्रयत्न केला, असं त्यात आहे. हे वाक्य सगळीकडे उद्धृत होतं. त्याच्या पुढचं मात्र फार कमी वेळा होतं. लगेच पुढे तो म्हणतो, की मला शब्दांत सांगता येत नाही ते ही चित्रं तुम्हाला सांगतील, खेड्यातल्या या मोकळ्या रानात मला काय निरोगी आणि बळ देणारं वाटतं ते. जी चित्रं त्याच्या मनात होती त्यांत ही दोन असावीत, असं साधारणपणे मानलं जातं.

म्हणजे एकाच चित्रात दुःख आणि बळ, दोन्ही, आणि तेही ठरवून. ‘मुद्दाम’ या शब्दावर माझा सगळा भर आहे. वेडाच्या भरात हात चालला आणि चित्र झालं, ही आपली आवडती समजूत या एका शब्दानं मोडते. आणि चित्र पुन्हा पाहिलं की ते दोन्ही दिसतंही. आभाळ आणि गहू, दोघंही पूर्ण ताकदीनं उभे आहेत. निळ्यानं पिवळ्याला दाबलेलं नाही, उलट त्या काळवंडलेल्या निळ्यामुळेच गहू इतका पेटलाय. ढग काढले तर शेत विझेल.

कावळ्यांचं काय? आपल्याकडे कावळा दिसला की पिंड आठवतो, त्यामुळे मराठी माणसाला हे चित्र म्हणजे मरणाची चाहूल असं वाटणं अगदी सहज आहे. मलाही पहिल्यांदा तेच वाटलं होतं. पण पिकलेल्या शेतावर पाखरं येतातच. व्हॅन गॉगच्या आधीही फ्रेंच चित्रकारांनी शेतांवर कावळे रंगवले होते. मिले हा त्याचा आवडता चित्रकार, त्याच्या हिवाळी शेताच्या चित्रात कावळ्यांचा थवा आहे आणि व्हॅन गॉगनं त्या चित्रावरून स्वतःचं चित्रही केलं होतं. रंगाच्या बाजूनं पाहिलं तर इथले कावळे म्हणजे काळ्या रंगाच्या मोडक्या रेघा. दोन फटकारे, एक पक्षी. पिवळ्यावर आलेल्या लख्ख दिसतात, निळ्यात शिरलेल्या हळूहळू विरघळतात. ते आपल्याकडे येताहेत की दूर चाललेत, हे ठरवता येत नाही. वाटेचं आणि उजेडाचं जे केलं, तेच इथेही.

मोबाइलवर किंवा पोस्टरवर एक गोष्ट मात्र हरवते. व्हॅन गॉग रंग इतका जाड लावतो, की फटकाऱ्याला खरोखरची उंची असते. मूळ चित्रावर खोलीतला उजेड पडला की प्रत्येक फटकाऱ्याच्या एका कडेला चमक आणि दुसऱ्या कडेला बारीकशी खरी सावली पडते. चित्रात काढलेली सावली एकही नाही, पण चित्रावर पडलेल्या सावल्या असंख्य. छापील प्रतीत हे सगळं सपाट होतं. माझ्याकडचं पोस्टर तर छापतानाच मोहरीच्या रंगाचं झालं होतं. ते मी कित्येक वर्षं भिंतीवर लावून हे चित्र उदास आहे असं ठासून सांगत होतो. पिवळाच मेलेला, मग दुसरं काय वाटणार!

आणि मूळ रंगही तसेच राहिलेले नाहीत. त्याचा लाडका क्रोम यलो म्हणजे शिशाचं क्रोमेट. त्याचे काही प्रकार उजेडात तपकिरी पडतात. त्या रंगातल्या क्रोमियमचं वरच्या पातळ थरात रासायनिक रूप बदलतं, हे 2011 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनमधल्या (अतितीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रातल्या) क्ष-किरणांनी तपासून दाखवलं गेलं. त्याचे काही लाल रंग तर उडूनच गेले. आर्लच्या त्याच्या बेडरूमच्या चित्रातल्या भिंती पत्रात फिक्या जांभळ्या आहेत, आज त्या निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातला लाल गेला. विचार करा, भिंत जांभळी आणि पलंग पिवळा हे पूरक जोडपं होतं. एक शेजारी बदलला की दुसऱ्याचाही स्वभाव बदलतो. म्हणजे त्याच्या कित्येक चित्रांतली भावनासुद्धा थोडी उडालेली असणार. त्याला याची कल्पना होती. हे नवे रंग टिकणारे नाहीत, म्हणूनच ते बेधडक, कच्चे भडक वापरावेत, काळ त्यांना नको तितकं मवाळ करणारच आहे, असं त्यानं थिओला 1888 मध्येच कळवलं होतं. आज संग्रहालयं ही चित्रं मंद उजेडात ठेवतात. उजेड रंगवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या चित्रांना आता उजेडापासून जपावं लागतं.

राहिली एक अफवा. हे त्याचं शेवटचं चित्र, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. काळे ढग, काळे कावळे, संपलेली वाट, गोष्ट इतकी बेतून बसते की सोडवत नाही. पण यानंतरही त्यानं चित्रं केली. शेवटचं बहुधा ‘झाडांची मुळं’ हे. थिओच्या मेहुण्यानं पुढे लिहिलं, की मरणाआधी एका सकाळी त्यानं झाडीचं एक चित्र केलं होतं, ऊन आणि जीव भरलेलं. ते हेच असं मानतात. 27 जुलैला संध्याकाळी तो गोळी लागून जखमी होऊन खोलीवर परतला, आणि हे चित्र अर्धवटच राहिलं.

त्यात आभाळ जवळजवळ नाही. उतारावर उघडी पडलेली वाकडीतिकडी मुळं आहेत, निळी, हिरवी, पिवळी, आणि सरळ आहे की आडवं असा प्रश्न पडावा इतकी जवळून पाहिलेली. 2020 मध्ये एका जुन्या पोस्टकार्डावरून ती जागा सापडली, त्याच्या खाणावळीपासून चालत काही मिनिटांवर. मुळांवर रंगवलेलं ऊन कुठल्या बाजूनं पडलंय हे त्या जागेशी ताडून पाहिलं, तर ते उतरत्या दुपारचं निघालं. म्हणजे सकाळी सुरू केलेलं चित्र घेऊन तो संध्याकाळपर्यंत तिथेच होता.